यानुदीनाचं पुस्तक कोणी नेलं

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज जे घडले ते क्रमाने:

१. विद्यापीठाच्या समुद्रविद्या विभागातले पेसेली सर ग्रंथालयात वाचनाची यादी घेऊन आले. पुढच्या वर्षीच्या नव्या अभ्यासक्रमासाठी.
२. यादीतले सगळे आपल्या संग्रहाच्या नोंदीत सापडले.
३. ‘यानुदीना बेटावरील मासे आणि महिने’ हा जुना अहवालही सापडला. प्रत एकच. पॅसिफिक विभाग, कुलपातली खोली. स्थिती: जागेवर.
४. जागेवर जाऊन पाहिले. जागेवर नाही.
५. पेसेली सरांनी माझ्या डब्यातला उकडलेला कसावा कंद खाल्ला.

पाचव्या मुद्द्याचा चौथ्याशी संबंध नाही. घडला म्हणून लिहिला.

झाले असे. ते म्हणाले, “तू कुठली?”

“सुव्याची.”

“सुव्याचं कुणी नसतं. वडिलांचं बेट कुठलं?”

“यानुदीना.”

त्यांनी दोन्ही हात पोकळ धरून टाळी वाजवली आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. “मग ऊठ. मी वातुसेवाचा. आपल्या राजाला खुर्ची दे.” मी उठले नाही, तेव्हा ते टेबलाच्या कोपऱ्यावर बसले, माझा डबा उघडला आणि खायला लागले. “मीठ कमी आहे. यानुदीनाच्या लोकांना समुद्र कुठे आहे हेच माहीत नसतं, मीठ कुठून येणार?”

यानुदीना आणि वातुसेवा तौवू आहेत. दोन बेटांचा मूळपुरुष एक, म्हणून एकमेकांची वाटेल तशी चेष्टा करायची, एकमेकांची वस्तू न विचारता उचलायची, आणि रागवायचे नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे, पण लग्नात आणि मयतीला पाहण्यापुरते. बाबा बोटीवर इंजिनियर, आई लेवुकाची, नर्स. मी इथे सुवा शहरातच, नर्सेसच्या क्वार्टर्समध्ये वाढले. ऑफिसात कामाच्या वेळी कुणी तौवू होऊ शकतो याची कल्पना नव्हती.

मी त्यांना सांगितले की पुस्तक दोन दिवसांत मिळेल.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मिळाले नाही.

पुस्तकाच्या वर्गक्रमांकाच्या आजूबाजूची फळी हाताने तपासली. पुस्तक बारीक असल्याने दोन जाडांच्या मध्ये अडकते, तसे नाही. मागे पडलेले नाही. मोठ्या आकाराच्या कपाटात नाही. जुने अहवाल पूर्वी चार-पाच एकत्र बांधत, म्हणून त्या काळातली बांधलेली बाडे उघडून पाहिली. बांधणीच्या खोलीत नाही, प्रदर्शनाच्या काचेखाली नाही. शोधयंत्रणेत नावाने, विषयाने, बेटाने, माशांच्या नावांनी विचारले, प्रत्येक वेळी एकच उत्तर: जागेवर.

ही शोधयंत्रणा मी बसवली. जुन्या नोंदी मी तिच्यात ओतल्या. एकही नोंद सांडली नाही याची खात्री मी करून घेतली होती.

ग्रंथपाल गाउंडर मॅडमना सांगितले. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “उनाइसी, २९ तारखेला अभ्यासक्रम समितीची बैठक आहे. मुख्य वाचनाचं पुस्तक ग्रंथालयात असल्याची सही मी करायची असते. मला पुस्तक हातात हवं. पडद्यावर नको.”

“आणि नसेल तर?”

“तर अभ्यासक्रम नाही. आणि पेसेलीची नेमणूकच त्या अभ्यासक्रमासाठी आहे, हे तुला ठाऊक असेलच.”

ठाऊक नव्हते. ते सांगत नाहीत, कसावा खातात.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

पेसेली सर आले. मी त्यांना विचारले, दुसरे एखादे पुस्तक मुख्य वाचन म्हणून चालेल का?

पहिल्यांदाच ते चेष्टा न करता बोलले. त्या अहवालात यानुदीनाच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेले बारा महिने आहेत: कुठल्या महिन्यात प्रवाळाच्या खडकांत कुठला मासा येतो, किनाऱ्यावर कुठले झाड फुलले की कोणते जाळे काढायचे. विद्यार्थी आपापल्या बेटावर जाऊन आज त्यातले काय उरले आहे ते तपासणार. “दुसरीकडे कुठेच बाराही महिने सलग नाहीत. तिथेच आहेत. मी विद्यार्थी असताना कुणीतरी उतरवलेली दोन पानं वाचली होती. तेव्हापासून डोक्यात आहे.”

मी म्हटले, “तुमच्या बेटाचं का नाही केलं असं पुस्तक?”

“आमच्याकडे मासे स्वतःच येऊन सांगतात. लिहावं लागतं ते तुम्हाला.” आणि माझे पेन घेऊन गेले.

त्यांनी निळा फुलांचा शर्ट घातला होता. बाहीला शिवण उसवली आहे.

१८ ऑगस्ट, सोमवार

ऑकलंड, कॅनबरा, होनोलुलू सगळीकडे विचारले. सगळ्यांची उत्तरे आली, सभ्य आणि नकारार्थी. होनोलुलूच्या बाईंनी लिहिले आहे की पुस्तक सापडले तर एक प्रत त्यांनाही हवी.

रात्री झोप नीट लागली नाही असे नव्हे. पण उठल्याबरोबर पुस्तकच आठवले.

माझी शंका अशी आहे: नोंद बरोबर असेल तर पुस्तक चोरीला गेले. नोंद चूक असेल तर माझी यंत्रणा खोटे बोलते, आणि किती ठिकाणी बोलते ते मला माहीत नाही. दुसरी शक्यता मला जास्त वाईट वाटते. हे कुणाला सांगितलेले नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

पेसेली सरांचे वागणे बदलले आहे. पुस्तकाचा विषयच काढत नाहीत. बैठक नऊ दिवसांवर आली आणि हा माणूस येऊन माझ्या खिडकीत बसतो.

आजचे संभाषण, आठवते तसे:

“रविवारी मोठ्या काकांकडे जेवायला होतो. वालेलेवूला. त्यांचं नाव साकाराइया. त्यांना सांगितलं, ग्रंथालयात यानुदीनाची एक मुलगी आहे. ते म्हणाले, असणार नाही. यानुदीनाचे लोक संपले. एकाच्याही अंगात दम उरलेला नाही.”

“बरं.”

“काकांचं घर कायम उघडं असतं. दाराला कडीच नाही. कुणीही आत शिरावं, काहीही उचलावं.”

“ते धोक्याचं आहे. कडी बसवून घ्या.”

त्यांनी कपाळावर हात मारला. “हिरव्या पत्र्याचं घर. बस थांबते तिथून दुसरी गल्ली. समोर लिंबाचं झाड. विसरणार नाहीस ना?”

“मला तिथे काही काम नाही.”

“यानुदीना!” ते वर बघून म्हणाले. “कासवाला वाट विचारून होडी हाकणारे लोक!” आणि माझी पपई घेऊन गेले.

पुस्तकाशी यातल्या कशाचाही संबंध नाही. त्यांना काळजी असेल आणि ते ती अशी लपवत असतील.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सापडले. म्हणजे पुस्तक नव्हे, कारण.

देवघेवीच्या टेबलावरच्या नेइ (म्हणजे मावशी) केलेरा पुढच्या वर्षी निवृत्त होतात. त्यांना आधीच का विचारले नाही? कारण मी यंत्रणेला विचारत होते.

“नेइ, हे शेवटचं कुणी नेलं होतं, आठवतं का?”

“यानुदीनाचं मासळीचं? तुमच्या बेटाच्या वेरेमो मास्तरांनी. आणि मास्तरांकडून त्यांच्या तौवूने, वातुसेवाच्या साकाराइयाने.” त्या आठवूनच हसायला लागल्या. “बसस्टॉपवर! मास्तरांच्या पिशवीतून उपसलं, बसमध्ये चढला आणि खिडकीतून नाचवत गेला. सगळा स्टॉप हसत होता. मीही होते की तिथे.”

“मग तुम्ही ‘हरवले’ असं नोंदवायला हवं होतं.”

“हरवलं कुठे? कुठे आहे ते सगळ्यांना माहीत होतं.”

“मग मास्तरांच्या नावावर राहू द्यायचं.”

“त्यांच्याकडे होतं कुठे? तौवूने नेलेल्या वस्तूचा जाब विचारतात का कुणी? मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.”

“मग साकाराइयांच्या नावावर.”

“त्यांनी ते आपल्याकडून कुठे नेलं? मास्तरांकडून नेलं. मी नाडी गावची. त्या दोघांच्या मध्ये मी कोण बोलणार?”

नोंदीत तीनच स्थिती आहेत: जागेवर, बाहेर, हरवले. नेइ केलेरांनी तिन्हींचा विचार केला आणि त्यातली कमीत कमी अपमानाची निवडली. “आज ना उद्या येणारच होतं बाई. मास्तर जाऊन उचलून आणणार होते. म्हणायचे, पुस्तकाबरोबर साकाराइयाचं डुक्करही आणतो. मग त्या वर्षी मास्तर वारले. आणि यानुदीनाचं दुसरं कुणी गेलंच नाही.”

त्यांच्या तर्कात मला चूक सापडली नाही. हे मला आवडले नाही.

एक मात्र बरे. यंत्रणा खोटे बोलत नव्हती. तिला सांगितले तेच सांगत होती.

२३ ऑगस्ट, शनिवार

सरळ मार्ग सरळ असतो असे समजून पेसेली सरांच्या त्या काकांना, साकाराइयांना, फोन केला. माझे नाव, हुद्दा सांगितला. आपल्याकडे ग्रंथालयाचे एक पुस्तक असल्याचे समजते, कृपया परत करावे, मी गाडी पाठवते.

पलीकडून एकदम थंड आवाज. “पुस्तक? माझ्याकडे ग्रंथालयाचं काहीच नाही, मॅडम.” फोन ठेवला.

आईला सांगितले तर ती भांडी घासायची थांबली. “मॅडम म्हणाले? अरे देवा. उनाइसी, तू मागितलंस?”

“परत मागितलं. नियमाप्रमाणे.”

“तौवूकडे मागतात? मागितलं म्हणजे तू त्यांची कुणी नाहीस. तू सरकार झालीस.” तिने हात पुसले. “मी लेवुकाची असून मला कळतं. तुझे बाबा कसे गं तुला काहीच न शिकवता बोटीवर बसून राहिले?”

“मग पेसेलींनी का आणलं नाही? त्यांच्याच काकांच्या घरात आहे. नोकरी त्यांची जाणार आहे.”

“स्वतःच्या काकांचं तो कसं उचलेल? तो त्याच बाजूचा. आणि तुला ये म्हणून सांगूही शकत नाही. बोलावलेला चोर म्हणजे पाहुणा झाला.” मग तिने विचारले, “काही सुचवत होता का तो?”

मी म्हटले, नाही. मग बुधवारचे आठवले. हिरवा पत्रा. लिंबाचे झाड. कडी नसलेले दार.

मी आईला सांगितले नाही. ती माझ्याकडे नको तितका वेळ बघत होती.

२६ ऑगस्ट, मंगळवार

दोन दिवस काही लिहिले नाही. कारण भीती. दुसऱ्याच्या घरात विचारल्याशिवाय शिरायचे आणि वस्तू उचलून चालू लागायचे, ही गोष्ट मी आयुष्यात केलेली नाही. मैत्रिणींच्या घरी मी पाणीही मागून पिते.

पेसेली सर आज खिडकीत आले नाहीत. जिन्यात भेटले. फोनचे त्यांना कळले असणार. चेष्टा केली नाही, नुसते म्हणाले, “असू दे. तू प्रयत्न केलास.” माझ्या हातात बिस्किटांचा पुडा होता. घेतला नाही.

ते बघून मी उद्या दुपारची रजा टाकली.

२७ ऑगस्ट, बुधवार

वालेलेवूची बस. दुसरी गल्ली. हिरवा पत्रा, लिंबाचे झाड. पाऊस पडत होता.

पायरीवर पेसेली सर बसले होते. कामाच्या दिवशी ते तिथे का होते हे मी विचारले नाही. मला बघून ते उभे राहिले आणि वाटेतून बाजूला झाले.

दार उघडे होते. चपला काढल्या. आत चटईवर एक म्हातारा गृहस्थ जाळे विणत होता, त्याची बायको गॅसवर भांडे हलवत होती. सवयीने माझ्या तोंडून “माफ करा” येणार होते. मी दात आवळले. भिंतीवरच्या फळीवर बायबल, तिच्या शेजारी भरतकाम केलेल्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेले काहीतरी बारीक. मी सरळ चालत गेले, ते उचलले, काखेत धरले.

म्हाताऱ्याने मान वर केली. मला वाटले, संपले, आता पोलीस येतील.

म्हातारा ओरडला, “चोर!”

इतक्या आनंदाने कुणी चोर म्हणताना मी ऐकलेले नाही.

“मेरेसेइनी! चोर शिरला गं घरात! यानुदीनाचा चोर!” तो जाळे फेकून उभा राहिला. “बघ, बघ कशी उभी आहे! फोन करणारी ती हीच का? मॅडम!”

“मीच,” मी म्हटले. “आधी खात्री करून घेतली की तुम्ही घरी आहात. वातुसेवाच्या लोकांना नाहीतर चोरी झालेली कळत नाही. भरतीची वाट बघत बसलेले असतात.”

हे मी कुठून आणले मला माहीत नाही. पायरीवर पेसेली सर गुडघ्यांत डोके घालून हसत होते.

“आणि एवढंच नेणार?” साकाराइया गरजले. “एक चिंधीएवढं पुस्तक? वेरेमो माझं डुक्कर नेणार होता! लाज आहे का तुम्हा लोकांना?”

म्हणून मी गॅसवरचे भांडेही उचलले. नारळाच्या दुधातला मासा होता. नेइ मेरेसेइनींनी आधी गॅस बंद केला, हातात फडकी दिली, मग कपाळ बडवून रडण्याचे नाटक केले, “माझं जेवण! माझं जेवण गेलं!” आणि झाकण वर ठेवले, सांडू नये म्हणून.

साकाराइया दारापर्यंत माझ्या मागे शिव्या देत आले. दारात थांबले. “रोज धूळ पुसायचो त्याची,” ते हळू आवाजात म्हणाले. “परत कसं करणार? परत केलं असतं तर वेरेमो खरंच गेला असं झालं असतं. म्हटलं, येईल कुणीतरी त्याच्याकडचं.” मग डोळे पुसले. धुराने असावे. शेगडी गॅसची आहे, पण धुराने असावे.

पेसेली सर बसस्टॉपपर्यंत आले. भांडे घ्यायला हात पुढे केला तर मी म्हटले, चोरीचा माल आहे, हात लावायचा नाही. बसमध्ये सगळे वास घेत होते. पुस्तक अभ्र्यासकट मांडीवर होते.

पाने शाबूत आहेत. समासात दोन वेगवेगळ्या अक्षरांत शेरे आहेत. एक शेरा: ‘हा मासा या महिन्यात आमच्याकडे येतो, तुमच्याकडे येत नाही, कारण त्याला अक्कल आहे.’ ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहिणे हा गुन्हा आहे. खोडून काढणार नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

गाउंडर मॅडमनी पुस्तक हातात घेतले, उलटले, वास घेतला. “याला मासळीच्या रश्श्याचा वास का येतोय?”

“विषयच तो आहे, मॅडम.”

त्यांनी सही केली. समितीने अभ्यासक्रम मंजूर केला. पेसेली सर जिन्यातून दोन-दोन पायऱ्या उतरत आले, सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, “यानुदीनाने आयुष्यात एक काम केलं!” आणि माझा डबा घेऊन गेले.

आज डब्यात दोघांपुरते होते. जास्त झाले होते म्हणून.

३१ ऑगस्ट, रविवार

चर्चनंतर पेसेली सर क्वार्टर्सवर आले. भांडे चोरायला. आईने त्यांना आधी जेवायला वाढले, मग भांडे भरून चोरू दिले. वर त्यांनी माझी छत्रीही उचलली. बाहेर मुसळधार. छत्री त्यांची झाली, घरात दुसरी नाही, आणि मला कोपऱ्यावरून पाव आणायचा होता, म्हणून त्यांच्याच छत्रीखालून जावे लागले. पाव घेऊन परत यायलाही तीच अडचण आली.

आई म्हणते, पाव घरात होता. मी पाहिले नव्हते.

८ सप्टेंबर, सोमवार

अहवालाच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊन विद्यार्थ्यांसाठी यंत्रणेत चढवले, समासातल्या शेऱ्यांसकट. होनोलुलूलाही पाठवले. मूळ प्रत वाचनकक्षातल्या टेबलावर ठेवली आहे, कुलपात नाही. का, ते खाली येईलच. गाउंडर मॅडमना आज पाठवलेले पत्र इथे उतरवून ठेवते, कारण उत्तर काय येईल याची मला खात्री नाही.

‘मॅडम,

पुस्तकांच्या नोंदीत सध्या तीन स्थिती आहेत: जागेवर, बाहेर, हरवले. या तिन्हींत न बसणारी एक स्थिती आपल्याकडे प्रत्यक्षात आहे. पुस्तक कुठे आहे ते माहीत असते, ते सुरक्षित असते, पण ते मागता येत नाही, फक्त योग्य माणसाने जाऊन आणता येते. म्हणून ‘तौवूकडे’ ही चौथी स्थिती जोडण्याची परवानगी मिळावी. शेजारी दोन रकाने असतील: कोणत्या बेटाने नेले, आणि कोणत्या बेटाच्या माणसाने आणायचे. दंड नाही. मुदत नाही. नेइ केलेरा यांनी मजकूर तपासला आहे आणि त्यांना तो अपमानास्पद वाटत नाही.

शनिवारी, १३ तारखेला, श्री. साकाराइया आमचे ग्रंथालय बघायला येणार आहेत असे पेसेली सरांनी सांगितले. त्यांना पुस्तकांची विशेष आवड नाही. बरोबर मोठी पिशवी आणणार आहेत असेही कळते. मी त्या वेळी हजर राहून पाठ फिरवून बसणार आहे, आणि त्याआधी नोंद तयार असलेली बरी.

कृपया शुक्रवार, १२ सप्टेंबरपर्यंत उत्तर द्यावे.

उनाइसी’